वजन किती?

औषधाच्या दुकानात माझ्यापुढे एक गवंडी उभा होता. बोटांच्या पेरांत सिमेंट सुकलेलं. बाहेर रिक्षात बसवलेल्या त्याच्या मुलीला तीन दिवस ताप होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध होतं, पण वजनाची जागा कोरी.

"लहान मुलांचं माप वजनावर ठरतं. अंदाजानं नाही देणार मी," दुकानदार म्हणाला. "वजन किती?"

त्यानं चिठ्ठी उलटून पाहिली. मागे मी चरफडत होते. घरी माझाही मुलगा तापानं फणफणलेला. बापाला एवढंही ठाऊक नसावं?

त्यानं डोळे मिटले. दोन्ही हात पुढे धरून रिकाम्या हवेत कुणाला तरी हलकेच तोललं.

"गोणीत किलोभर सिमेंट कमी असलं तरी मला उचलताना कळतं, साहेब. पोरीचा आकडा नाही सांगता येत. पण सोमवारपेक्षा हलकी लागतेय."

दुकानदारानं हातातली बाटली खाली ठेवली. "आत आणा तिला. काटा आहे इथे."

तो बाहेर उभ्या रिक्षाकडे धावला.

माझ्या चिठ्ठीवर वजन ठळक लिहिलेलं होतं. तेरा किलो. जन्मापासूनचे सगळे आकडे मी फाईलमध्ये नीट लावून ठेवलेत. औषध लगेच मिळालं.

घरी आले आणि बाटली उघडण्याआधी मुलाला उचललं. अंग कढत होतं. मी डोळे मिटले. सोमवारी तो किती जड लागला होता, ते माझ्या हातांना काही केल्या आठवेना.