आखूड तोंडाचं मळणीयंत्र

मूर्तिजापूरचा ताहेर मिस्त्री कागद झाल्याशिवाय पत्रा कापत नसे. नागपूरच्या एका कारखान्यात त्यानं बारा वर्षं काढली होती. तिथले साहेब यंत्राला हात लावण्याआधी लिहून घेत. गरज, म्हणजे माणसाला काय हवं. अट, म्हणजे यंत्रानं नेमकं किती करायचं. तपासणी, म्हणजे ती अट पुरी झाली का. आणि शेवटी खातरजमा: यंत्र अटीत बसलं, पण ते ज्याला चालवायचं, त्याचं भलं झालं का? गावी दुकान टाकल्यावर पहिल्या तीन गोष्टी ताहेरनं नमाजासारख्या पाळल्या. चौथीला फाटा दिला. यंत्र नेणारा खूश, की तो खूश.

२००६ च्या पावसाळ्यात केशवराव आला. गावोगाव मळणीयंत्र भाड्यानं फिरवायचा त्याचा धंदा.

"मिस्त्री, तासाले दहा पोते सोयाबीन निघालं पाह्यजे. पेंढी टाकाचं तोंड आखूड ठेवा, बाया पटापट टाकतीन."

"हात आत जाईन ना, भाऊ."

"बाया का लहान लेकरं हायेत? लिहा तुमी!"

ताहेरनं लिहिलं, केशवरावनं सही ठोकली. यंत्र झालं. तासाला मोजून दहा पोती निघाली.

दिवाळीला चार दिवस होते. मजुरीला आलेली माणिकबाई त्या यंत्रात पेंढ्या टाकत होती. आतल्या फिरत्या, दातेरी ड्रमनं पेंढीबरोबर तिचा उजवा हात ओढून घेतला. ट्रॅक्टर बंद होईपर्यंत कोपराखाली काही उरलं नव्हतं आणि भुसा लाल झाला होता.

तिला अकोल्याला पाठवून तिचा नवरा देवमन आठ-दहा जणांसह दुकानावर चालून आला. केशवराव मागे उभा होता. तोंड मिस्त्रीनं आखूड केलं, हे त्यानंच सांगितलं होतं. पहिली काठी ताहेरच्या डोक्यात बसली, दुसरी बरगडीवर. केसांना धरून त्याला ऐरणीपर्यंत फरफटत नेलं. त्याची बायको हलीमाबी कागद घेऊन धावत आली.

"मारो मत! पहले ये देखो, सही किसकी है!"

देवमननं कागद वाचला. सही कळताच घोळका केशवराववर उलटला. तो पळाला, दोन दगड त्याच्या डोक्यात बसलेच. ताहेरला वाटलं, सुटलो. पण देवमन जागचा हलला नाही.

"मशीनपाशी माही बायको उभी राह्यणार होती. तिले काय पाह्यजे, ते कोणत्या ओळीत हाये?"

ताहेरच्या तोंडात रक्त साचलं होतं. खोटं बोलला असता तर त्याचा स्वतःचा हात वाचला असता.

"तिले नाई इचारलं, भाऊ."

देवमननं त्याचा उजवा पंजा ऐरणीवर दाबला आणि घण घातला. मग पुन्हा घातला.

पंजाला प्लास्टर घातलेला ताहेर आठव्या दिवशी अकोल्याच्या दवाखान्यात बायांच्या वॉर्डात गेला. माणिकबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"बाई, तुमाले काय पाह्यजे?"

"आता इचारून राह्यला का, मुडद्या?"

"हो."

"मंग आयक. ते मशीन फोड."

दुसऱ्या दिवशी हलीमाबीनं गॅस कटरचं सिलिंडर हातगाडीवर घातलं आणि दोघं यंत्र उभं होतं त्या खळ्यावर गेले. डोक्याला पट्टी बांधलेला केशवराव खळ्यातूनच ओरडला, "माह्या मशीनले हात लावतं? कोणं सांगतलं तुले?"

ताहेरनं डाव्या हातानं कटर पेटवला. केशवरावची काठी खांद्यावर बसली, मग मानेवर. तो गुडघ्यावर आला, पण ज्योत त्यानं ड्रमवरून हलू दिली नाही. लाल झालेले दाते एकेक करून भुशात पडत गेले.