टेबल डुगडुगत नाही

माझी शाळा चौथीपर्यंत. एका बोटाने अक्षरं शोधत लिहायचं म्हणजे चहा थंड होतो, म्हणून फोनवरच्या ग्रुपमध्ये मी बोलतो कमी. काम मात्र टाकतो.

ग्रुप हौशी माणसांचा. बाहुलं केसभर हलवायचं, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, परत हलवायचं. बारा फोटो झाले की एका सेकंदाची फिल्म. माझं बाहुलं म्हणजे होडी चालवणारा तांडेल. सागाचा, वीतभर उंच, सांध्यांत तांब्याची तार. होडीखालची वाळू आरे-वारेच्या किनाऱ्यावरून पिशवी भरून आणलेली. आठ महिने झाले, तो एकच जाळं ओढतोय.

आयुष्यभर सुतारकी केली. मग उजवा हात थरथरायला लागला. हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि लोकांना सांगितलं, कंटाळा आला. बायकोला ठाऊक होतं. ती माझा कप अर्धाच भरायची, तोंडाने काही बोलायची नाही. ती गेल्यावर ठाऊक असणारं कोणी उरलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

हे काम धरलं ते त्याचसाठी. फोटोच्या वेळी हात बाहेर असतो.

ऊन सरकलं की सावली पळते, म्हणून खिडक्या बंद करून भर दुपारी बल्ब लावून बसतो. शेजारीण बाहेरून ओरडते, "ओ भाऊ, बरं नाय काय?"

"बरा आहे."

पुष्कळ दिवस एवढंच बोलणं होतं.

दिवाळीला ग्रुपवाले सगळ्यांचे तुकडे जोडून एक फिल्म करतात. माझे दहा सेकंद मी पाठवले. ग्रुप चालवणारे नागपूरचे, बँकेत आहेत. त्यांनी लिहिलं, "काका, टेबल डुगडुगतंय. होडीसुद्धा हलते. पायाखाली पुठ्ठा घाला आणि परत करा."

पुण्याच्या एक शिक्षिका आहेत. त्या म्हणाल्या, "माझंही असंच होतं काका. शेवटी फेकलं मी ते जुनं टेबल."

फेकलं! माझं टेबल फणसाचं. खाचा पाडून जोडलेलं, एक खिळा नाही. चार माणसं वर नाचली तरी कुरकुरणार नाही. मी गप्प बसलो असतो तर तुकडा पुन्हा करून भागलं असतं. पण टेबलावरून बोलले.

पेला टेबलावर ठेवला आणि तांब्याने काठोकाठ भरला. निम्मं पाणी बाहेर सांडलं, ते पुसलं. मग पेल्याचा व्हिडिओ काढून पाठवला. खाली लिहिलं, "बघा."

नागपूरकरांनी बघितलं. "पाणी तर जराही हलत नाही. मग हलतंय काय?"

मी फोन पालथा घातला. परत सुलटा केला. टेबलाला खोटं पडू द्यायचं की मीच पडायचं? बराच वेळ अक्षरं शोधली. लिहायची दोनच होती.

"हात."

कोणी लिहितंय असं दिसायचं, मग बंद व्हायचं. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "सॉरी काका. तुकडा आहे तसाच घेऊ या ना, छान आहे."

झालं. आता कीव करणार.

नागपूरकरांनी लिहिलं, "अजिबात नाही. होडी खालून स्क्रू मारून टेबलाला पक्की करा. तांडेल हलला तर हलू दे, समुद्रात आहे तो. होडी हलायला नको. परत करा."

मग सगळे कोणाच्या तरी मातीच्या बाहुल्याला पडलेल्या भेगांवर बोलायला लागले.

गोणपाट सोडलं. गिरमिट गंजलं नव्हतं. त्या टेबलाला भोक पाडायचं म्हणून तासभर नुसता बसलो. पाडलं ते तिरकं गेलं. होडीखाली झाकलं जातं.

"ओ भाऊ, कसला आवाज?" शेजारीण बाहेरून.

"काम चाललंय," म्हटलं.

तांडेलाला पहिल्या फोटोच्या जागी उभा केला आणि जाळं त्याच्या हातात परत दिलं.