मायचा ऊन रस

आमच्या घरी हिवाळ्यात संत्र्याचं एक गरम पेय करतात. बाहेर त्याला काय म्हणतात मला माहीत नाही, आम्ही ऊन रस म्हणतो. पाण्यात गूळ, आलं, मिरे, लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि हळदीचं एक हिरवं पान टाकून खळखळ उकळायचं. पातेलं खाली उतरवायचं. वाफ जरा बसली की हाताने पिळलेला रस घालायचा, वर चिमूटभर काळं मीठ. रसाला जाळ दाखवायचा नाही, हा मायचा कायदा. "जाळावर चढला की कडू व्हतो. मंग कितीबी गूळ घाला, ऐकत न्हाई."

डिसेंबरच्या शेवटी लेकरांना नाताळच्या सुट्ट्या लागल्या की आम्ही सगळे शिरड शहापूरजवळच्या आमच्या शेतात हुरड्याला जमतो. माझी नोकरी वाशिमला, त्यामुळे येताना कनेरगाव नाक्यावरून संत्री आणणं माझ्याकडे. बाकी सगळं मायकडे. हुरडा कुणीही भाजो, पातेल्याजवळ तीच बसणार.

काही वर्षांमागे तिला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना तिच्या तोंडाची चव आणि नाकाचा वास घेऊन गेला. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. एक-दोनदा ती म्हणाली, "अजून न्हाई आली रे." मग म्हणायची थांबली आणि आम्ही विचारायचे थांबलो.

त्या हिवाळ्यातला रस मी पहिल्यांदा चाखला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरे आणि आलं इतकं, की संत्रं कुठे होतं ते कळत नव्हतं. माय माझ्याकडे बघत होती. "कसा झाला?"

"झकास."

मग मी तिला म्हणालो, "माय, तुला आक्का बोलावून राहिली." ती आखाड्याकडे, शेतातल्या खोपीकडे, गेली तेवढ्यात मी पातेल्यात पाणी आणि उरलेला गूळ घातला, चार संत्री पिळली. रस सगळ्यांना आवडला. माय खूश झाली. मलाही बरं वाटलं.

पुढच्या वर्षी मी घरूनच तयारीने गेलो. मोटारसायकलच्या डिकीत गुळाच्या पाण्याची बाटली. तोच निरोप, 'आक्का बोलावून राहिली.' आक्का म्हणजे माझी मोठी बहीण. तिला निरोपाचं काहीच माहीत नसायचं. माय जाऊन उभी राहिली की ती म्हणायची, "मी कशाला बोलावू? म्हातारपणी कानात वाजून राहिलं का तुझ्या?" सगळे हसायचे. मायही हसायची, जरा ओशाळून. ते मी लांबून बघायचो आणि बाटलीचं बूच लावायचो.

हे मी तिच्यासाठी करत होतो असं वाटायचं. खरं सांगायचं तर तिच्याशी ते बोलणं मला नको होतं. मी मुळात कमी बोलणारा. आक्का म्हणते, "याच्या तोंडात तीळ ठेवा, भिजून मोड येतील पण हा थुंकायचा न्हाई."

यंदा मुलाचं लग्न झालं. नव्या सुनेचा हा पहिला हुरडा. ती सकाळीच मायजवळ जाऊन बसली. "आजी, मला शिकवा ना. मी लिहून घेते."

"लिहायचं काय त्यात? हातात घे, ही मूठ. एवढे मिरे."

मूठभर मिरे! मी आगटीतली कणसं फिरवत होतो, हात तसाच राहिला. बाटली डिकीत होती, पण सून पातेल्याजवळून उठणार नव्हती. रस घालून झाला. मायने ओगराळ्याने थोडा वाटीत दिला.

"चाख अन् सांग. खरं सांग बरं, पोरी."

सुनेने घोट घेतला. डोळे भरले. ठसका तिने पदरात दाबला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. घरात येऊन दोन महिने झालेली मुलगी, इथे काय बोलायचं असतं ते ती माझ्या तोंडावर शोधत होती. तिच्या ओठांवर 'झकास' आलेलं मला दिसलं. माझंच होतं ते.

"माय, लई तिखट झालाय," मी म्हणालो. "पिता येत न्हाई."

माय हसली. "आं? दरसाल तर बराबर असतो."

"दरसाल मी मागून गूळपाणी घालतो. तुला आक्काकडं धाडून."

आक्का म्हणाली, "एवढी वर्षं भिजवला, अन् आज सुनेसमोर मोड फुटले व्हय रे?"

मायने ओगराळं खाली ठेवलं. "माझी जीभ गेली, व्हय. तुमच्या कुठं गेल्या व्हत्या?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "लोकं नाव काढत व्हते, मला वाटलं, चव न्हाई तर न्हाई, हात तर हाय अजून."

ती उठून बांधावर जाऊन बसली. मी मागे गेलो. जे पहिल्याच हिवाळ्यात विचारायचं होतं ते विचारलं.

"माय, तुला पिताना काय लागतं?"

तिने बांधालगतच्या हरभऱ्याचा शेंडा खुडला. "ऊन लागतं. अन् मिरं चावतं घशात. बाकी निस्तं पाणी. म्हणून घालत ऱ्हायले, चावेस्तोवर." मग म्हणाली, "काहून न्हाई रे विचारलं आधी?"

"भेलो," एवढंच म्हणालो.

"चल," ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "संत्री हायेत का अजून?"

दुसरं पातेलं चढलं. या वेळी मायने मिरे सुनेलाच मोजायला लावले. रस घातल्यावर वाटी तिच्या हातात दिली आणि स्वतः डोळे मिटून बसली.

"आधी काय लागलं?"

"आंबट."

"गोड कवा आलं?"

"गिळल्यावर."

"बराबर. कानामागं ऊन लागतं का?"

सुनेने आणखी एक घोट घेतला. हाच रस पीत मी म्हातारपणाच्या दाराशी आलो, पण तो कानामागे लागतो हे मला ठाऊक नव्हतं. तिने वाटी मला दिली. मी घोट घेतला, वाट बघितली.

"न्हाई माय. अजून न्हाई लागत."

"मंग चार मिरे कुटून टाक. तूच टाक."

टाकले. पुन्हा चाखला. लागलं.

सगळ्यांचे पेले भरले. मायचा मी शेवटी भरला आणि विचारलं, "तुझ्यात?"

"माझ्यात मूठभर," ती म्हणाली, आणि पेला दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केला.