दोन मनगटांचा मेळ

संशोधनात माहिती हवी तेव्हा मिळत नाही. किस्से मात्र न मागता मिळतात. जालन्यातील आमच्या छोट्याशा संशोधन केंद्रात गेल्या काही वर्षांत वापरण्याजोगी नोंद जवळजवळ जमलेली नाही, आणि किस्से ठेवायला जागा उरलेली नाही. टपरीवर मित्र विचारतात, "पीएचडी कुठवर आली?" मी त्यांना एक किस्सा सांगतो. ते हसतात आणि पुढचा प्रश्न विचारायला विसरतात. ही पद्धत निर्दोष आहे असा माझा दावा नाही. तूर्त तिच्यावरच भागते आहे.

आमचा विषय असा: दोन माणसे शेजारी शेजारी काम करू लागली, की त्यांच्या हालचाली नकळत एकमेकींशी जुळू लागतात. हे जुळणे मोजण्यासाठी प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळासारखा एक पट्टा बांधायचा. हात कधी, किती हलला ते तो टिपतो. केंद्रात आम्ही तिघे: मार्गदर्शक सर, माझी सहकारी नाझिमा आणि मी. सर या वर्षाअखेर निवृत्त होत आहेत. या विषयाला दुसरा मार्गदर्शक मिळणे संभवत नाही. त्यामुळे त्याआधी एका तरी जोडीची, नैसर्गिक कामातली, निर्मळ नोंद हाती यायला हवी. अन्यथा सरांचा विषय आणि माझा प्रबंध एकाच दिवशी बंद होतील. एवढाच समन्वय काय तो शिल्लक राहील!

*

आरंभ झुलत्या खुर्च्यांपासून झाला. दोन माणसांना शेजारी झुलायला बसवायचे आणि त्यांचे झोके आपोआप जुळतात का ते पाहायचे, असा साधा, सुबक प्रयोग होता. बऱ्याच पाठपुराव्यानंतर दोन खुर्च्या मंजूर झाल्या आणि एक दिवस टेम्पोतून आल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी केंद्रात एकच खुर्ची होती. दुसरी वरिष्ठांच्या व्हरांड्यात हलताना दिसली. सर विनंती करायला गेले. त्यांना चहा मिळाला आणि उत्तरही मिळाले : "एक आहे ना तुमच्याकडं? मंग सुरू करा की! दुसरीचं बघू."

*

यंत्रे ठेवण्यासाठी लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर न्यायचे होते. सर म्हणाले, "मी एक, दोन, तीन म्हणतो. सगळ्यांनी एकदम उचलायचे."

मी विचारले, "सर, तीनवर की तीननंतर?" प्रश्न रास्त होता, असे मला आजही वाटते. सरांनाही तो रास्त वाटला. कपाट हातांत धरूनच त्यांनी दोन्ही पर्यायांचे गुणदोष सांगितले आणि शेवटी "तीननंतर" असे ठरले.

सरांनी मोजले आणि सवयीने तीनवरच उचलले. मी तीननंतर उचलले. नाझिमाने आमच्याकडे पाहून उचललेच नाही. कपाट जिन्यावरून खाली गेले आणि शिपाईमामा वरून खाली वाकून म्हणाले, "तुमचा सब्जेक्ट कोन्ता म्हन्ले व्हते सर?"

*

भोकरदनच्या बाजारात दोन हमाल मिळून पोती उचलतात, तो मेळ टिपावा असे ठरले. दोघे आनंदाने तयार झाले. आम्ही त्यांच्या उजव्या मनगटांवर पट्टे बांधले आणि बाजूला उभे राहिलो.

नोंद पाहिली तर दोन सरळ रेघा. हात हललेच नव्हते! पोती मात्र हलली होती, ती आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. पुन्हा नीट पाहिले, तेव्हा उलगडा झाला. दोघांनी उजवे हात छातीशी जपून धरले होते आणि डाव्या हाताने व खांद्याने पोती रेटत होते.

"उजवा हात का वापरत नाही, भाऊ?"

"महागाची चीज हाये साहेब. घासली-बिसली तर तुम्हाला वरतून बोलनं खावं लागंल."

मी म्हणालो, घासली तरी चालेल. धाकटा थोरल्याला म्हणाला, "नको रे. हे बोलून राह्यले तसं, पन पोरगा गरीब दिसतोय."

*

तीर्थपुरीत जोडीने चालण्याचा प्रयोग केला. दोन माणसे गप्पा मारत चालली की त्यांची पावले जुळतात, हे आमचे गृहीत. त्यासाठी एकाच घरातील जोड्या घेतल्या. पहिल्या जोडीत सासू आणि सून.

"दोघींनी सोबत चाला, मावशी."

सासूबाई निघाल्या. सूनबाई पदर सावरून चार हात मागून निघाल्या. मी थांबवून विनंती केली की शेजारी चालावे. सासूबाईंना प्रश्नच कळेना. "ती माझ्या बराबर कशाला चालंल?"

नाझिमाने सूनबाईंना हळूच पुढे केले. सूनबाई शेजारी आल्या, की सासूबाई वेग वाढवत. वेग वाढला, की सूनबाई मागे पडत आणि सासूबाईंचा वेग पूर्ववत होई. अंतर पुन्हा तेवढेच! शाळेपासून मारुतीच्या पारापर्यंत ते एकदाही कमी झाले नाही, वाढलेही नाही. परतताना सूनबाई नाझिमाला म्हणाल्या, "ताई, मी न्हाई चुकले. पंधरा सालं झाली, अजून न्हाई चुकले."

*

संभाजीनगरच्या एका परिसंवादात मला पंधरा मिनिटे मिळाली होती. जेवणाची वेळ टळत चालली होती. माझ्या अभ्यासाच्या मर्यादांची चर्चा मी मर्यादेबाहेर केली असावी. सभागृहात कोणीतरी टाळी वाजवली. पाठोपाठ दुसऱ्याने, आणि पाहता पाहता सगळे सभागृह एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागले. कोणी सांगितले नव्हते, कोणी मोजले नव्हते. समूहाच्या उत्स्फूर्त समन्वयाचे इतके शुद्ध उदाहरण मी आजवर पाहिलेले नाही.

पट्टे पिशवीत होते.

खाली उतरल्यावर नाझिमा एवढेच म्हणाली, "चल, जल्दी. पुऱ्या संपतील."

*

यानंतरचा प्रसंग मी टपरीवर सहसा सांगत नाही.

अंकुशनगरच्या बाजूला ऊसतोडीचा हंगाम चालू होता. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाच्या हिशेबी ती दोन माणसे नसतात, एक कोयता असतो. सरांना ही कल्पना फार आवडली. आपण समोर असलो की माणसे अवघडतात, एवढे आम्ही एव्हाना शिकलो होतो. म्हणून पट्टे सकाळी द्यायचे, फडापासून लांब जाऊन बसायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे, असे ठरवले.

सुदाम नावाचा तरुण तोडणीवाला तयार झाला. शेजारी मुकादम उभा होता. मी विचारले, "जोडीने आहात ना?" सुदामने मान हलवली. मी त्याच्या हाती दोन पट्टे ठेवले आणि सांगितले, "एक तुमच्या उजव्या मनगटाला, एक त्यांच्या." आम्ही रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन बसलो.

त्या दिवशीची नोंद उघडली आणि सर खुर्चीवरून उठले. असा मेळ आम्ही पाहिला नव्हता. एका मनगटाचा घाव पडला की त्याच क्षणी दुसरे मनगट हले. कधी मागे नाही, कधी पुढे नाही, दिवसभर, दमल्यावरसुद्धा. सरांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "अरे, ही दोन माणसे नाहीतच. हे एकच शरीर आहे!"

नाझिमाने पडद्यावरच्या दोन्ही रेघा बोटाने ताडून पाहिल्या. "इत्ता बराबर? हमारे अम्मी-अब्बा तो चाय बी एक टैम पे नईं पीते."

सरांनी तिला हसून गप्प केले. प्रबंधाचे ते प्रकरण लिहून झाले. सरांनी आपल्या निरोपाच्या व्याख्यानासाठी तोच आलेख निवडला आणि त्याची मोठी प्रत काढून घेतली. केवळ काटेकोरपणासाठी मी सुचवले की त्याच जोडीची आणखी एक नोंद घ्यावी. सर म्हणाले, "जरूर घे. तेच येणार."

मी पुन्हा फडावर गेलो. मुकादम नव्हता. सुदाम होता आणि शेजारच्या सरीत त्याची बायको सिंधू होती. चेहरा ओढलेला, पण हात चालू. मी नमस्कार करून पट्टा तिच्यापुढे धरला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय हाये? कुठं बांधायचं असतंय?"

मी सुदामकडे पाहिले. सुदामने उसाकडे पाहिले.

"त्या दिशी हिला लई ताप व्हता, साहेब. तिकडं झोपडीत, कोपीत पडून व्हती. तुम्ही मुकादमापुढंच इचारलं, जोडीनं हाये का म्हनून. न्हाई म्हनलं असतं तर त्यानं अर्धाच कोयता धरून पैसे कापले असते. मंग मी दोन्ही पट्टे माझ्याच हाताला बांधले. एक उजव्याला, एक डाव्याला." तो पुढे म्हणाला, "पन तुमचं काम खराब न्हाई केलं. दिवसभर न्हाई काढले. भाकरी खाताना बी न्हाई."

सिंधू म्हणाली, "आता मी हाये ना. बांधा मला."

तिला पट्टा बांधला. त्या दिवसाची नोंद आली ती अशी: तो चालू असे तेव्हा ती थांबलेली; ती वेग घेई तोवर तो दमलेला. दोन रेघांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे म्हणायला मला कोणतेही प्रमाण सापडले नाही.

फडाच्या बांधावर उभे राहून मी सरांना फोन केला आणि जे घडले ते क्रमाने सांगितले. काही गाळले नाही.

मग सर अतिशय हलक्या आवाजात म्हणाले, "मेळ दोन मनगटांचा तर आहेच ना? डावखुरा आहे का रे तो?"