पाय लागला की डोळ्याला लाव

पंचशीला माझ्या भावाची, लिंबाजीची पोर. जन्मापासून दिसत न्हाई. भावजय गेली तवा चार वर्षांची होती, तवापासून मीच वाढवली. मी भामाबाई, तिची आत्या. माझं तोंड फाटकं हाय, हे सगळ्या गावाला ठाऊक. हात त्याच्याही पुढं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या साली आमच्या उदगीरकडच्या गावात टँकर आठ दिसाला यायचा. घरभर घागरी, ड्रम, पातेली. पोरीचा पाय लागायचाच. लागला की मी पाठीत धपाटा घालायची. "पाण्याला पाय लावतीस, भवाने? हात लाव, डोळ्याला लाव!" ती वाकून घागर चाचपायची, हात डोळ्याला लावायची. माणसाला पाय लागला तरी तेच. सालभरात सांगायची गरज उरली न्हाई. दिसत नसलं तरी पोरीला वळण हाय, असं मी बायांना मिरवून सांगायची.

पुढं लातूरला अंधशाळेत ती गोलबॉल शिकली. दोन्ही बाजूंनी तीन-तीन पोरी, चेंडूत घुंगरं. आवाजावर आडवं पडून चेंडू अडवायचा. कुणाला जरासं दिसतं, म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर काळी पट्टी. पंचांना न विचारता पट्टीला हात लावला की गुन्हा. हे तिनंच मला सांगितलेलं. मी हाव हाव म्हणत भाकरी थापत होते.

यंदा ती देशाच्या संघात गेली, परदेशी खेळायला. गावात मंडप पडला. एक पुढारी बोलले, "उदगीर जिल्हा होऊन राहिला, पोरी. पदक आण, नव्या जिल्ह्यातली पहिली नोकरी तुझी." टाळ्या काय, हार काय! लिंबाजी थकलाय, मी आज हाय उद्या न्हाई. पोर कुणाच्या दारात बसू नये, एवढंच मला पाहिजे होतं. पदक आलं की झालं.

तिसऱ्या नंबरचा सामना लिंबाजीच्या मोबाईलवर बघितला. दोन-दोन गोल, मिनिटभर उरलेलं. चेंडू आला, पंचशीला झेपावली, छातीवर अडवला. चेंडू बाहेर गेला. मी नाचले! पण पडताना तिचा पाय शेजारच्या पोरीच्या डोक्याला लागला होता. पंचशीला वळली, चाचपून तिच्या खांद्याला हात लावला आन् तोच हात डोळ्यांना लावला.

शिट्टी वाजली. पेनल्टी. बाकीच्या दोघींना बाहेर काढलं, सगळा गोल तिच्या एकटीवर. ती डावीकडं पडली, चेंडू उजवीकडनं गेला.

एसटीतून उतरली तवा मंडप न्हाई, हार न्हाई. पुढाऱ्याला फोन लावला तर म्हणे, जिल्हाच अजून झाला न्हाई बाई, नोकरी कुठली? माझं डोकं फिरलं. "कशाला लावलास हात? जलमाचं वाटोळं केलंस!"

"पाय लागला होता ना आत्या," ती म्हणाली.

मला वाटलं, आपली जीभच हासडून टाकावी. माझं बाकीचं काहीच ऐकलं न्हाई या पोरीनं कधी. वेळेवर जेव म्हणलं, न्हाई. हळू चाल म्हणलं, न्हाई. नेमकं हेच कशाला धरून ठेवलं?

यंदाही टँकरच हाय. दाराशी घागरी मांडलेल्या. आत येताना तिचा पाय लागला. ती वाकली.

"नको ग, नको लावू!" मी हात धरायला धावले.

तोवर तिचं लावून झालं होतं.