बॉबिनची दुसरी सुई

आपल्याच हातानं आपण बॉबिनला मारलं, असं काजकाकींना वाटलं, त्या सकाळची ही गोष्ट. पण आधी काकींच्या सुईबद्दल सांगायला हवं. कोटाचं काज असो की बाळाच्या अंगड्याचं, काकींचा टाका भिंग लावून बघावा असा. मात्र याच बाईला जिवंत अंगात सुई टोचायची म्हटलं की दरदरून घाम फुटायचा. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, बॉबिनला, साखरेचा आजार जडला तेव्हा रोज दोन वेळा इन्सुलिन टोचायचं काम म्हणूनच नवऱ्याच्या, म्हणजे शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या गळ्यात पडलं. काकी बॉबिनचं डोकं मांडीवर धरायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या.

"अगं, सुई त्याला देतोय, तुला नाही!" मास्तर म्हणायचे.

बॉबिन घराखालच्या त्यांच्या दुकानात शिवणयंत्राच्या पायाशी लहानाचा मोठा झाला, म्हणून नाव बॉबिन. आता मागचे पाय थकलेले, ऐकू यायचं बेताचंच, आणि पाणी प्यायचा ते बादलीभर. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. बॉबिन आपला मुलगा आहे असलं काही ते बोलायचे नाहीत, पण घरातला मऊ घास आधी कुणाला मिळायचा हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मध्यंतरी काकींच्या थोरल्या बहिणीचं हाड मोडलं आणि काकी तिच्याकडे जाऊन राहिल्या. तिलाही साखरेचा आजार. भाचीनं मावशीला टाचण्यांच्या उशीवर सुई धरायला शिकवलं. आधी जमेना, मग बहिणीलाही टोचता आलं. काकींना कोण आनंद झाला! फोनवर त्यांनी जाहीरच केलं, "आता आल्यावर बॉबिनला सुई मी देणार."

"तू? भिंतीला टोचशील," मास्तर हसले.

त्या सकाळी परत आल्या तेव्हा मास्तर खाली दुकानात होते. वर घरात, इन्सुलिन ठेवायच्या फ्रिजच्या दारावर खडूची ठळक रेघ होती. ती बघून काकींना हसूच फुटलं. सगळा धंदा या रेघेवर तर चालला होता. मास्तरांचं बेतून, कापून झालं की गठ्ठ्यावर रेघ मारून ते काकींच्या पुढ्यात टाकायचे. रेघ दिसली की काकींनी कामाला बसायचं आणि उरकलं की रेघ झाडून टाकायची. म्हणजे स्वारी आपली परीक्षा बघतेय तर!

बॉबिनपुढे वाडगा ठेवला, पण दोन घास खाऊन त्यानं तोंड फिरवलं. आपण इतके दिवस नव्हतो म्हणून रुसलाय, असं काकींना वाटलं. त्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंत औषध भरलं, कातडीची चिमूट धरली आणि डोळे न मिटता टोचलं. बॉबिन हललासुद्धा नाही. काकींनी ऐटीत रेघ पुसून टाकली.

स्वयंपाक उरकत आला होता, तेवढ्यात बॉबिन उठला, झोकांड्या खात भिंतीवर आदळला आणि आडवा झाला. पाय ताठ, अंग थडथड उडतंय, तोंडाला फेस. काकी अशा किंचाळल्या की मास्तर हातातल्या कात्रीसकट जिना चढून आले.

"अहो, सुई तर नीट दिली हो मी!"

"तू दिलीस?" मास्तरांनी कात्री टाकली. "अगं, मी दिली होती! दारावर रेघ नाही दिसली?"

"दिसली म्हणूनच तर दिली!"

काकी नव्हत्या तेव्हा विसरायला होतं म्हणून मास्तर सुई दिल्यावर रेघ मारायला लागले होते. त्यांच्या लेखी रेघ म्हणजे काम झालं. काकींच्या लेखी रेघ म्हणजे काम आलं. एका छपराखाली जन्म गेला आणि ही साधी गोष्ट दोघांच्याही कधी डोक्यात आली नव्हती.

प्राण्यांच्या डॉक्टर फोनवरच ओरडल्या, "घशात काही ओतू नका! हिरड्यांना मध चोळा आणि तसेच निघा!" गाडीत काकी मध चोळत होत्या आणि तोंडानं एकच धोशा, "बॉबिन, बाळा, ऊठ रे."

दवाखान्यात शिरेतून साखर चढवली. बराच वेळ काहीच होईना. मग शेपटीचं टोक हललं, डोळे उघडले. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं आणि म्हणाल्या, "वाचला." काकींनी फरशीवरच बसकण मारली.

"आज त्याला इथंच राहू दे," डॉक्टर म्हणाल्या. "पण यापुढे सुई घरातल्या एकाच माणसानं द्यायची. कोण देणार?"

"हेच देतील," काकी घाईघाईनं म्हणाल्या. "मी आता हातसुद्धा लावायची नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. "हीच देईल."

"अहो, काहीतरीच काय? जीव घेत होते मी त्याचा!"

"तू खुणेपर्यंत भरलीस ना? नीट बघून?"

"हो."

मास्तर बॉबिनच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "मला ती खूण दिसत नाही गं. बरेच दिवस झाले. अंदाजानं भरतो."

काकी भिंतीला धरून उठल्या. मघाचा धक्का परवडला, असं त्यांना झालं.

"आणि कापड?" त्यांनी विचारलं. "कापड कसं कापता मग?"

"बोटांनी चाचपून," मास्तर म्हणाले. "म्हणून तर रेघ एवढी ठळक मारतो."