बिलावर नाव शकुबाईचं

शेळगावात शकुबाईची डेअरी म्हणजे रस्त्याकडेची दहा बाय बाराची पत्र्याची खोली, पण तिची पत मात्र कारखान्याच्या चिमणीएवढी उंच. एकवीस वर्षं ती गावाचं दूध घेऊन इंदापूरला दूध संघाकडे पाठवत होती. या धंद्यात जो तो दुसऱ्याला चोर समजतो. दूधवाला पाणी मिसळतो, डेअरीवाला माप मारतो आणि संघ दोघांनाही बुडवतो, असा सगळ्यांचा ठाम समज. तरी शकुबाईबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता. "माज्याकडं मापात पाप न्हाय," एवढंच ती म्हणायची, आणि लोक मान डोलवायचे.

दुधाचा भाव फॅटवर ठरतो, आणि पूर्वी ती ते फॅट काचेच्या नळ्यांत काढायची. आधी ॲसिड, मग दूध, मग नळ्या चक्रात बसवून हातानं गरागरा फिरवायच्या. ॲसिडचे डाग तिच्या मनगटांवर अजून आहेत. नवरा गेल्यावर याच कामावर तिनं दोन लेकी उजवल्या. तीन वर्षांपूर्वी संघानं फर्मान काढलं की नळ्या बंद, मशीन घ्या. तिनं रोखीनं मशीन घेतलं आणि आपल्या नावाचं बिल देव्हाऱ्यात ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मशीनमध्ये दूध घातलं की मिनिटभरात फॅटच्या आकड्याची पावती निघायची, आणि तोच आकडा तडक संघाकडे नि दूध घालणारीच्या मोबाईलवर जायचा. मध्ये कुणाचा हात नाही. शकुबाईला ते फार आवडलं. आता आपल्यावर संशय घ्यायला जागाच उरली नाही, असं तिला वाटलं. भोळी बाई.

गेल्या आखाडात एका सकाळी मशीनच्या पडद्यावर 'अपडेट पूर्ण' अशी अक्षरं उमटली. कंपनीनं कुठून तरी, कुणाला न विचारता, मशीनच्या पोटात काहीतरी नवीन धाडलं होतं. आणि त्या दिवसापासून साऱ्या गावाच्या म्हशी एकदम पातळ दूध द्यायला लागल्या. बनाबाईच्या म्हशीचं फॅट कधी सातच्या खाली उतरलं नव्हतं, ते सहा पॉइंट तीनवर आलं.

बनाबाई म्हणजे शेजारची. एकीचं डोकं दुखलं तर दुसरीनं सुंठ उगाळायची, इतकं दोघींचं सूत.

"पेंड बदललीस का गं?" शकुबाईनं विचारलं.

"कशाची पेंड? तुजंच मशीन येडं झालंय."

शकुबाईनं माळ्यावरच्या जुन्या नळ्या काढल्या. बनाबाईचंच दूध घेतलं. नळीनं सात पॉइंट एक दाखवलं. म्हणजे मशीनच चुकत होतं, आणि सगळ्यांच्याच दुधाला कमी दाखवत होतं.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात तक्रार क्रमांक द्यायची. असे सहा क्रमांक जमले. आकडा दुरुस्त करायची जागा मशीनमध्येच होती, पण तिला कुलूप, आणि त्याचा पासवर्ड कंपनीकडे. इंजिनिअर बारामतीला बसायचा, तो यायचा म्हणजे गूळ लावलेल्या कोपराची गोष्ट. दोन महिने गेले. रांगेत बाया आधी मोठ्यानं कुरकुरायच्या, मग हळू आवाजात बोलायला लागल्या. हळू आवाज वाईट. शकुबाई अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायची. एकवीस वर्षांत तिनं कमावलं होतं ते एक नाव, आणि ते रोज सकाळ-संध्याकाळ पावतीगणिक झिजत होतं.

एक दिवस सकाळचं दूध उरकून तिनं मशीन चादरीत गुंडाळलं, सोबत नळ्या, चक्र, ॲसिड नि थोडं दूध घेतलं आणि एसटीनं इंदापूर गाठलं. स्टँडाजवळ इरफानचं टीव्ही-मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं.

"काकी, ह्येला सील हाय," इरफान म्हणाला. "तोडलं तर कंपनी बोंब मारंल."

"मशीन कुणाचं?"

"तुमचंच की."

"मग तोड."

त्यानं सील तोडलं, मशीन आपल्या कॉम्प्युटरला जोडलं आणि तीन तास डोकं खाजवलं. शेवटी पासवर्डचं कुलूप सुटलं आणि एकाच दुधाचं नळीतही सात-एक आणि मशीनमध्येही सात-एक आलं. परतीच्या एसटीत शकुबाई मशीन मांडीवर घेऊन बसली होती, आणि कित्येक दिवसांनी तिला भूक लागली होती.

चार दिवस रांग हसतखेळत चालली. पाचव्या दिवशी सकाळी पडद्यावर लाल अक्षरं आली, 'छेडछाड आढळली', आणि मशीन बंद. दोन महिने ज्याला वाट सापडत नव्हती तो इंजिनिअर तासाभरात दारात हजर. रांगेतल्या बायांच्या देखत त्यानं तुटलेल्या सीलाचा फोटो काढला.

"मावशी, हा गुन्हा आहे."

"आरं, मशीन माजं हाय. बिल दावू का?"

"मशीन तुमचंच आहे. आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं आहे."

"मग माजं काय? वरचा पत्रा?"

तिनं नळ्या पुढं केल्या, त्याच्यासमोर फॅट काढून दाखवते म्हणाली. "नळीचं आता कुठंच चालत नाही, मावशी," असं म्हणून त्यानं इरफाननं केलेलं सगळं पुसलं, नवं सील ठोकलं आणि एका कागदावर सही मागितली. 'मी मशीनमध्ये छेडछाड केली,' असं त्यावर आधीच छापलेलं. सही नाही तर मशीन चालू नाही. बाहेर किटल्यांमधलं दूध उन्हानं नासायला आलं होतं. शकुबाईनं सही केली.

तो गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी, याहून वेगळं काय झालं होतं? पण शकुबाईला वाटलं, असू दे, आपण मशीन कुणासाठी उघडलं ते या बायांनी तरी डोळ्यांनी पाहिलंय.

पहिली बनाबाई होती. तिचं दूध आत गेलं. सहा-तीन.

बनाबाईनं पावती वाचली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरं झालं असतं.

"शकू, म्हंजे फॅट कमीजास्त करनं तुज्या हातात व्हतं?"

"अगं, चुकलं व्हतं त्ये नीट केलं..."

"व्हय. पर करता येत व्हतं, तर दोन म्हैनं आमचं कमी का दावलंस?"

शकुबाईकडे उत्तर होतं. पण ते लांबलचक होतं, त्यात पासवर्ड होता, बारामतीचा इंजिनिअर होता, सहा तक्रार क्रमांक होते, आणि ते तिला स्वतःलाच खोटं वाटायला लागलं. मागच्या बाया किटल्या धरून तिच्या तोंडाकडे बघत होत्या. 

संध्याकाळी बनाबाई भरली किटली घेऊन शकुबाईच्या दारावरून खालच्या आळीतल्या दुसऱ्या डेअरीकडे गेली. शकुबाई दारातच उभी होती. बनाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.